पंगत, मेज आणि मोबाइल : हैदराबादेतील भोजनरीतीचा मागोवा



स्मृतिव्याख्यानासाठी भारदस्त विषय निवडावा, अशी आपल्याकडे रीत आहे. संतवाङ्मय, हैदराबादचा मुक्तिसंग्राम, निजामकालीन शिक्षण अशा विषयांवर या शहरात आजवर पुष्कळ बोलले गेले आहे आणि पुढेही बोलले जाईल. मी मात्र आज एक घरगुती म्हणावा असा विषय आपल्यापुढे मांडणार आहे. उपाहारगृहातील मेजावर जेवणाऱ्याच्या हाताशी जो मोबाइल पडलेला असतो, त्याने आपल्या जेवणाच्या रीतीत काय बदल केला आणि त्या बदलाकडे हैदराबादच्या मराठी माणसांनी कसे पाहावे, हा तो विषय होय.

विषय दिसतो लहान. परंतु माणसे एकत्र कशी जेवतात, यावरून ती एकमेकांना काय समजतात हे कळत असते. 'रोटी-बेटी व्यवहार' या जोडशब्दात आपल्या समाजाने रोटीला बेटीच्या आधी बसविले आहे, ते उगाच नव्हे. शिवाय ज्याने सारा जन्म भाषा शिकविण्यात घालविला, त्याला जेवणाच्या जागेविषयी विशेष आस्था असणे स्वाभाविक आहे. कारण मूल आपली भाषा पुष्कळशी ताटावर बसूनच शिकते.

मोबाइलविषयी आम्ही वडीलधारी मंडळी बोलू लागलो की 'पूर्वी असे नव्हते' हे आमचे पालुपद ठरलेले असते. तेव्हा पूर्वी नेमके कसे होते, हे आधी पाहू.

पंगतीचा नियम

'पंगत' हा शब्द संस्कृत 'पंक्ति'पासून आला. पाट मांडलेले, पुढे केळीचे पान किंवा पत्रावळ, पानाच्या वरच्या बाजूस मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद आणि तीवर वरण. हा क्रम घरातील मुलांना पाढ्यांसारखा पाठ असे. ब्राह्मणी घरांतून जेवणापूर्वी आपोशन घ्यावयाचे, पानाशेजारी चित्राहुती घालावयाच्या, तूप वाढून होईपर्यंत पहिला घास घ्यावयाचा नाही आणि शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत पानावरून उठावयाचे नाही, असे नियम होते. इतर समाजांत विधी निराळे असले, तरी सर्वांना वाढून झाल्यावर सुरुवात करणे आणि सर्वांबरोबर उठणे, ही रीत बहुतेक ठिकाणी सारखीच होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोबाइलमुळे जेवताना कोणी बोलत नाही, अशी आपली आजची तक्रार असते. परंतु आपल्या धर्मशास्त्राने तर जेवताना मौन पाळावे, असेच सांगितले होते. लग्नाच्या पंगतीत श्लोक म्हटले जात, नवरानवरी उखाण्यांत नावे घेत. पण रोजच्या जेवणात वडिलांसमोर मुलांनी बडबड करणे हे शिष्टपणाचे लक्षण मानले जात नसे. जेवणाच्या मेजावर मोकळ्या गप्पा व्हाव्यात ही अपेक्षाच आपल्याकडे तशी अलीकडची आहे. मग जुन्या पंगतीचे सार कशात होते? माझ्या मते ते एकमेकांच्या भानात होते. शेजारच्याच्या पानात काय संपले आहे, कोण मागे राहिला आहे, वाढपी कोठवर आला आहे, याकडे प्रत्येकाचे लक्ष असे. मौनातही हे भान सुटत नसे. त्याला मी 'पंगतभान' असे नाव देतो आणि आजच्या व्याख्यानात हा शब्द पुनःपुन्हा वापरणार आहे.

परंतु या पंगतीचे गुणगान करताना तिच्याबाहेर कोणाला ठेवले होते, हे विसरून चालणार नाही. 'पंक्तिभेद', 'पंक्तिबाह्य' हे शब्दही आपल्याच भाषेतले आहेत. घरातील बायका वाढून वाढून थकत आणि पुरुषांच्या पंगती उठल्यावर उरल्यासुरल्यावर जेवत. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढले, या परंपरेने सांगितलेल्या कथेत केवढे धाडस आहे, ते पंक्तिभेदाची कल्पना असल्याशिवाय कळत नाही. पुण्यात १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवला गेला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध केली आणि त्यातून बहिष्काराचे, चौकशीचे आणि प्रायश्चित्तांचे जे प्रकरण उद्भवले ते काही वर्षे चालले. चहाच्या एका पेल्याने असे वादळ उठू शकत होते. पुढे कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांनी हॉटेल काढले, तेव्हा छत्रपती शाहू महाराज मुद्दाम तेथे जाऊन चहा पीत. महाराजांचा तो चहा म्हणजे पंक्तिभेदाला दिलेले उत्तर होते.

भेद मोडणाऱ्या पंगतीही आपल्याच भूमीवर उभ्या राहिल्या. बसवेश्वरांच्या कल्याणात शरणांचा दासोह होता. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जेथे देह ठेवला, त्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आजही लंगर चालतो. शीख परंपरेत 'संगत' आणि 'पंगत' असे दोन शब्द जोडीने येतात. त्यांतला 'पंगत' आपलाच आहे. अर्थ मात्र राव आणि रंक यांनी एका रांगेत बसून जेवणे, असा आहे. कल्याण आणि नांदेड ही दोन्ही ठिकाणे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतर हैदराबाद राज्यात होती, याची आठवण येथील श्रोत्यांना करून देतो.

चौकी, दस्तरखान आणि मेज

दक्षिणेतील भोजनरीतीचा एक जुना आणि तपशीलवार पुरावा याच कल्याणातला आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'अन्नभोग' असे प्रकरणच आहे. त्यात आपल्या मांड्यांचा पूर्वज 'मंडक' आहे, 'इड्डरिका' आणि 'धोसक' आहेत, वडे आहेत. आणि राजाने कसे बसावे, कोणाच्या सोबतीने जेवावे, पदार्थ कोणत्या क्रमाने घ्यावेत, हेही सांगितले आहे. भोजन हा त्या ग्रंथाच्या दृष्टीने राजाच्या उपभोगांपैकी एक. परंतु तो एकट्याने घ्यावयाचा उपभोग नव्हे.

पुढे या प्रदेशात दस्तरखान आला. जमिनीवर अंथरलेल्या त्या वस्त्राभोवती बसून जेवणे ही हैदराबादची खानदानी रीत. लग्नसमारंभात ठेंगण्या चौकीभोवती आठ जण बसत आणि पदार्थ ठरावीक क्रमाने येत. येथील आदबशीर समाजात स्वतःच्या ताटात वाढून घेण्याआधी शेजाऱ्यापुढे पात्र सरकविणे हा पहिला धडा असे. म्हणजे विधी बदलला, बैठक बदलली, धर्मही निराळा. पण पंगतभान तेच.

या सहवासाच्या खुणा भाषेत उमटल्या आहेत. 'मेजवानी' हा आपला शब्द फारसी 'मेजबान' म्हणजे यजमान यावरून आला. 'मेज', 'चमचा', 'पेला', 'तबक' हे सारे त्याच वाटेने आले. उलट दिशेने काय गेले, तर 'नको'. दख्खनी बोलीतला 'नक्को' हा आपल्या मराठीचा 'नको', आणि दख्खनीत जोर देण्यासाठी येणारा 'च' हाही मराठीचाच. पंगतीत वाढप्याला थोपविण्यासाठी जो शब्द आपण अधिकात अधिक वेळा उच्चारतो, तो या शहराने आपल्याकडून घेतला, असे मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगत असे आणि ते हसत. हसण्यासारखे आहे खरे, पण त्यात इतिहासही आहे. माणसे एकमेकांच्या इतकी जवळ राहिल्यावाचून 'नको'सारखा शब्द उसना जात नाही.

पाश्चात्त्य मेज संस्थानात आले ते वरून खाली. फलकनुमा महालातील प्रसिद्ध मेजाशी एका वेळी १०१ जण बसू शकतात. हा महाल १८९७ मध्ये सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडे आला, आणि २०१० पासून तेथे हॉटेल आहे. खुर्चीवर बसून काट्याचमच्याने जेवण्याची रीत अशा दरबारी मेजांवरून अमीर-उमरावांत आणि तेथून शिकलेल्या वर्गात झिरपली. ती रीत युरोपातही सनातन नव्हती. इरास्मसने १५३० मध्ये मुलांसाठी शिष्टाचाराची एक छोटी पुस्तिका लिहिली, तीत बोटे चाटू नयेत, ती वस्त्राला पुसावीत, असे त्याला सांगावे लागले. ज्या गोष्टी सांगाव्या लागतात, त्या त्या काळी लोक करीत असतात, हे इतिहासाचे साधे सूत्र आहे. आज अनेक घरांतून 'जेवताना मोबाइल नको' असे सांगावे लागते. आणखी शंभर वर्षांनी एखादा संशोधक त्यावरूनच आपल्या काळाचे अनुमान काढील.

इराणी हॉटेलातील टेबल

दरबारी मेज मोजक्यांचे होते. सामान्य हैदराबादकराला मेजावर बसविले ते इराणी हॉटेलांनी. इराणातून आलेल्या मंडळींनी मुंबई, पुणे आणि हैदराबाद या शहरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही हॉटेले उघडली. चौकातली मोक्याची जागा, संगमरवरी तक्त्याचे टेबल, लाकडी खुर्च्या, गल्ल्यावर मालक, दाट दुधाचा चहा आणि सोबत किंचित खारट-गोड उस्मानिया बिस्किट. आबिद रोडवरील ग्रँड हॉटेल १९३५ चे. त्याच रस्त्यावरचे ओरिएंट हॉटेल शायर आणि कलावंतांच्या बैठकींसाठी नावाजलेले होते. मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखे कवी तेथे बसत. ते आता राहिले नाही, आणि अशी आणखीही कित्येक हॉटेले बंद झाली आहेत.

या हॉटेलांनी केलेले सामाजिक काम फार मोठे आहे. टेबल रिकामे नसेल तर अनोळखी माणसाच्या समोर बसावे लागे. त्याची जात, त्याचा धर्म कोणी विचारीत नसे. ज्या घरांतून बाहेरचा चहा पिणे हेच बिघडल्याचे लक्षण समजले जाई, त्या घरांतली मुले येथे येऊन दोघांत एक चहा वाटून घेत. पंच हौदच्या चहाने जे वादळ उठविले होते, ते अशा टेबलांवर हळूहळू निवले. आणि येथील शिष्टाचार काय होता? समोरच्याला सलाम करणे, आपले वर्तमानपत्र वाचून झाले की त्याच्याकडे सरकविणे, आणि बशी पुसून जागा मोकळी करून देणे.

वर्तमानपत्राचा उल्लेख मी मुद्दाम केला. माणसे टेबलावर पूर्वीही वाचीत होती. तोंड वर्तमानपत्राआड दडविणारे गृहस्थ तेव्हाही होते. पण वर्तमानपत्राची पाने सुटी होत, त्यांतली दोन समोरच्याला देता येत, आणि वाचलेल्या बातमीवर वाद घालता येई. नंतर घरात रेडिओ आला, त्यावरील बातम्या जेवता जेवता सर्व जण एकदम ऐकत. दूरदर्शन आले तेव्हा पंगतीची रांग बदलली. समोरासमोर असलेली तोंडे एका भिंतीकडे वळली. तरीही सर्वांच्या डोळ्यांपुढे चित्र एकच होते आणि हसू एकाच वेळी येत होते. मोबाइलने केलेला बदल येथून पुढचा आहे. त्याने प्रत्येकाला निराळी भिंत दिली.

डावा हात

भारतात पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. तेव्हाचा मोबाइल वाजला तरच दखल घ्यावी लागे. स्पर्शाने चालणारे स्मार्टफोन २००७ नंतर आले, २०१६ पासून इंटरनेट अतिशय स्वस्त झाले, आणि मोबाइल न वाजताही हातात राहू लागला. हायटेक सिटीतील सायबर टॉवर्सचे उद्घाटन १९९८ मध्ये झाले. तेव्हापासून जगाच्या घड्याळावर काम करणारी तरुण पिढी या शहरात वाढत गेली. रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यांच्या कार्यालयाचा अमेरिकेतला दिवस सुरू होतो. त्यांच्या हातातला मोबाइल हा नुसता छंद नाही, पोटापाण्याचा भाग आहे, हे ज्येष्ठांनी समजून घेतले पाहिजे.

उपाहारगृहांनीही मोबाइलला मेजावर रीतसर जागा दिली. क्यूआर कोड हा १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये उपाहारगृहे पुन्हा उघडली तेव्हा हाताळून हाताळून मळलेल्या पदार्थसूचीच्या जागी तो चौकोन टेबलावर चिकटला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे बिलही मोबाइलवरच चुकते होऊ लागले. आता जेवणाच्या आरंभी मोबाइल, शेवटी मोबाइल. मग मधल्या वेळात तो कोठे ठेवावा?

तो गेला डाव्या हातात. आपल्याकडे हिंदू आणि मुसलमान दोहोंच्या रीतीत उजव्या हाताने जेवावयाचे; डावा हात अन्नाला लावावयाचा नाही, फार तर पाण्याचे भांडे उचलावयाचे. शतकानुशतके तो हात जेवताना मांडीवर मोकळा असे. युरोपात त्या हाताला काटा मिळाला, आपल्याकडे काहीच मिळाले नव्हते. बिर्याणी खाणारे तरुण आज उजव्या हाताने घास घेतात आणि डाव्या अंगठ्याने पडदा सरकवितात. मोबाइलने आपला कोणताही जुना नियम उघडपणे मोडला नाही. नियमांतली रिकामी जागा शोधून तो तेथे बसला. म्हणूनच त्याला हटविणे अवघड आहे.

दुसरी गोष्ट छायाचित्राची. ताट पुढे आले की आधी त्याचे छायाचित्र काढावयाचे आणि ते मित्रमंडळींना पाठवावयाचे, तोवर कोणी हात लावावयाचा नाही. पूर्वी पानाशेजारी चित्राहुती घालीत. त्या चित्र आणि चित्रगुप्त यांच्यासाठी असत. आता आहुती खरोखरच चित्राची झाली आहे! विनोद सोडला, तर दोन्हींत साम्य आहे ते थांबण्याचे. पहिल्या घासापूर्वी क्षणभर थांबावे, ही जुनी ओढ माणसात अजून शिल्लक आहे. फरक एवढाच की पूर्वीचे थांबणे शेजारी बसलेल्यांबरोबर होते, आजचे थांबणे दूरच्या प्रेक्षकांसाठी आहे.

या बदलाचा परिणाम मोजण्याचा प्रयत्न पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ३००हून अधिक लोकांना आप्तमित्रांसह उपाहारगृहात जेवावयास बसविले. काहींचे मोबाइल टेबलावर ठेवले, काहींचे दूर ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की मोबाइल जवळ असलेल्यांचे चित्त अधिक विचलित झाले आणि सहभोजनाचा आनंद थोडा उणावला. परिणाम प्रचंड नव्हता, पण तो होता. रोजच्या जेवणात थोडे थोडे उणे होत गेले तर वर्षाकाठी काय होईल, याचा हिशेब आपणच करावा.

उलट बाजूही मांडली पाहिजे. सॅन होजे किंवा सिडनीला असलेला नातू रविवारी जेवणाच्या वेळी मोबाइलच्या पडद्यावर येतो आणि आजी त्याला ताट दाखविते. हीदेखील एक पंगतच आहे. एकट्याने जेवणाऱ्या स्त्रीला पूर्वी उपाहारगृहात सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागत; हातातल्या मोबाइलने तिला थोडा आडोसा दिला. जुन्या पंगतीत जिला बसायलाच जागा नव्हती, ती आज मेजाशी बसून स्वतः पदार्थ सांगते. असे असता जुने सारे चांगले आणि नवे सारे वाईट, असा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रश्न इतकाच की नव्या मेजावर पंगतभान राहील कसे?

जेवण आणि भाषा

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा विषय निवडला, त्याकडे येतो. मुंबई-पुण्याच्या मराठी कुटुंबात जेवताना कोणी बोलले नाही तर नाती थोडी दुरावतील. भाषा मरणार नाही, कारण ती जिन्यात आहे, रस्त्यात आहे, दुकानाच्या पाटीवर आहे. हैदराबादेत तसे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानीतला मराठी समाज मागे राहिला. आपण शाळा चालविल्या, ग्रंथसंग्रहालय जपले, साहित्य परिषद उभी केली. ज्या गुरुजींच्या नावाने आज आपण जमलो, त्यांच्यासारख्यांनी त्यात आयुष्य वेचले. पण आज आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, रस्त्यावर तेलुगू आणि दख्खनी बोलतात, नोकरीत इंग्रजी. मराठी उरली ती घरात, आणि घरातही मुख्यतः जेवणाच्या वेळी, कारण सगळे घर एकत्र येते ते तेवढ्याच वेळी.

जेवणाच्या वेळी कोणती भाषा येते, याचा विचार करा. 'वाढू का', 'अर्धीच घे', 'जरा सरकून बस', 'पानात टाकू नये', 'आजोबांचे झाले का बघ'. ही वाक्ये पाठ्यपुस्तकात नसतात. त्यांत आज्ञा आहे, आर्जव आहे, आदरार्थी आणि एकेरी यांचा नाजूक फरक आहे. चोचविणे, कालविणे, कुस्करणे, निपटणे, ओरपणे ही क्रियापदे ताटाशिवाय शिकवताच येत नाहीत. मी अध्यापक म्हणून व्याकरण पुष्कळ शिकविले. परंतु 'तू घे', 'तुम्ही घ्या' आणि 'आपण घ्यावे' यांतले अंतर ज्या विद्यार्थ्याला आधीच कळलेले असे, तो ते घरच्या पंगतीत शिकून आलेला असे.

मध्यंतरी येथील एका उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर एक मराठी कुटुंब बसले होते. आजी, आईवडील आणि दोन मुले. पदार्थ मोबाइलवरूनच मागविले गेले. मुलाने चित्रावर बोट ठेवले, नाव उच्चारण्याची गरज पडली नाही. पुढची वीस-पंचवीस मिनिटे चौघेही आपापल्या पडद्यात होते. कोणी भांडत नव्हते, कोणी उद्धट नव्हते, सारे अगदी शांतपणे चालले होते. आजींनी दोनदा काहीतरी विचारले. उत्तर आले ते 'हं' एवढेच. मग त्यांनी नातीच्या ताटात आपल्या वाटीतले थोडे वाढले. नातीने मान वर न करता म्हटले, 'थँक्यू.' त्या मुलीला दोष देण्याचे कारण नाही. तिने सभ्यपणाच दाखविला. पण 'पुरे आजी' किंवा 'तू घे ना' असे काही म्हणण्याची जी वेळ होती, ती निघून गेली. दख्खनीला ज्यांनी 'नको' दिला, त्यांच्या पंगतीतून 'नको'सुद्धा नाहीसा होण्याची ही सुरुवात आहे. परिषदेने कितीही संमेलने भरविली तरी अशा गेलेल्या वेळा भरून येणार नाहीत.

आपण काय करावे

शिष्टाचार कायद्याने येत नाही. तो चार माणसांनी ठरविला की येतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरविले, की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास घराघरांतले मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहतील. मुलांच्या अभ्यासासाठी आणि घरातल्या संवादासाठी तो निर्णय होता. एका खेड्याने हे केले. शहरात भोंगा वाजविता येणार नाही, परंतु घराला आणि मित्रमंडळाला स्वतःची रीत घालून देता येईल.

माझ्या सूचना साध्या आहेत. पदार्थ मागवून झाले की मोबाइल खिशात किंवा पिशवीत जावा, टेबलावर उपडा ठेवू नये. उपडा मोबाइलही पाहुण्यासारखा बसून राहतो. निकडीचा फोन आला तर बरोबरच्यांची परवानगी घेऊन उठावे आणि बाहेर जाऊन बोलावे. पंगतीतून मध्येच उठणारा पूर्वी असेच विचारून उठत असे. छायाचित्र काढावयाचे तर एक काढावे, आणि त्यात ताटाबरोबर माणसेही यावीत. पडद्यावरची पदार्थसूची एकाने मोठ्याने वाचावी आणि लहानांना नावे विचारावीत. परदेशातील आप्त पडद्यावर येणार असतील तर पडदा सर्वांना दिसेल असा मध्ये ठेवावा. आणि वडीलधाऱ्यांनी हे नियम आधी स्वतः पाळावेत, कारण सकाळपासून शुभेच्छांची छायाचित्रे पुढे पाठविणाऱ्यांत आमचीच पिढी पुढे आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात दरवर्षी सहभोजन असते. त्या वेळी शाळेने पंगत बसवावी, अशी माझी संस्थेला विनंती आहे. तीत जातीचा भेद नसावा, बायका-पुरुषांचा नसावा, आणि शाळेच्या शिपायांपासून विश्वस्तांपर्यंत सर्वांनी एका रांगेत बसावे. पाळीपाळीने सर्वांनी वाढावे, म्हणजे हात रिकामे राहणार नाहीत. लहान मुलांनी वाढताना पदार्थाचे नाव मराठीतून सांगावे आणि घेणाऱ्याने 'घाल', 'पुरे', 'नको' जे काय असेल ते मराठीतून म्हणावे. याला खर्च काही नाही.

 अल्पोपाहाराची व्यवस्था शेजारच्या दालनात आहे, असे मला सांगण्यात आले आहे. तेथे भेटूच.